लाईन म्हणजे कोणती?

बाईंना चहा विचारणं हे एक कामच होतं. हॉटेलातला माणूस दारात उभा राहून “बाई, चहा?” म्हणाला की त्या मान वर करायच्या आणि म्हणायच्या, “एक चहा, साखर कमी, आत्ता. बरोबर?” तो तोंडानं “बरोबर” म्हणेपर्यंत त्याच्याकडं बघत राहायच्या. नुसती मान हलवलेली त्यांना चालत नसे. हलवलेली मान टेलिफोनवर दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. समोरचा माणूस टेलिफोनवर नाही, चांगला केटली घेऊन दारात उभा आहे, हे त्यांच्या गणतीत नव्हतं. सगळी नोकरी सरकारी टेलिफोन खात्यात गेलेली. आधी ट्रंक कॉल जोडून द्यायच्या, मग तक्रारी घ्यायच्या. माणूस म्हणजे तारेच्या दुसऱ्या टोकाला असलेला आवाज, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं.

निवृत्तीनंतर त्या आमच्याकडं आल्या. आमच्याकडं म्हणजे नांदेडला, वजिराबादेत, भांड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर. नांदेडचा एक केबलवाला आणि लातूरचा एक केबलवाला, दोघांनी टीव्हीचा धंदा उतरणीला लागल्यावर एकत्र येऊन घरोघर इंटरनेट द्यायची कंपनी काढली होती. पुढं नांदेडवाल्यानं आपला वाटा विकला आणि लातूरचे आप्पा एकटेच मालक राहिले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि बोलणं तीन पिढ्यांच्या कापडदुकानातलं. गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायचं नाही, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं. दोन्ही जिल्ह्यांच्या तक्रारी एकाच खोलीत यायच्या आणि त्या घ्यायला आम्ही मुली होतो. लोक फोनवर ओरडायचे, आम्ही रडवेल्या व्हायचो. कोणीतरी वडीलधारं माणूस खोलीत असावं, एवढ्याच विचारानं आप्पांनी बाईंना आणून बसवलं.

पहिल्या दिवशी त्या काहीच बोलल्या नाहीत. कानाला हेडफोन लावून आमचे फोन ऐकत बसल्या. संध्याकाळी पर्स आवरताना त्यांनी विचारलं, “आज सगळे म्हणाले, नेट गेलं. कुठं गेलं?”

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांना खरंच उत्तर पाहिजे होतं.

आणि उत्तर सोपं नव्हतं, हे आमच्या हळूहळू लक्षात आलं. वायर तुटली तरी लोक म्हणत नेट गेलं. वायफायचा पासवर्ड कोणी बदलला, रिचार्ज संपला, मोबाईलच जुना झाला, तरी नेटच गेलेलं असे. एकदा लातूरहून आमचा माणूस भर उन्हात औशाला गेला, तर घरातल्या कोणीतरी मिक्सर लावायला मोडेमचा प्लग काढून ठेवलेला. त्यात दोन जिल्ह्यांची तऱ्हा निराळी. ‘नेट बसलं’ म्हणजे नांदेडकडं पार बंद पडलं. लातूरकडचा माणूस तेच म्हणाला तर चालू आहे, पण हळू चालतंय. आम्ही सगळ्यांना एकच सांगायचो, “बघतो.” तो शब्द ऐकला की बाईंच्या कपाळाला आठी पडे. “कोण बघतं? काय बघतं? कधी बघतं?”

त्यांनी नियम केला. गिऱ्हाइकाला काय झालंय ते विचारायचं नाही, काय दिसतंय ते विचारायचं. मोडेमवर दिवा लागलाय का, कोणत्या रंगाचा, मिचकावतोय का स्थिर आहे. त्या स्वतः फोनवर बसल्या की शेजारी बसणं म्हणजे करमणूक असे. लातूरचे एक आडतदुकानदार तर एकदा भडकलेच. इकडं माल अडकलाय आणि तुम्ही मला दिव्याचा रंग विचारताय, तुम्ही इंटरनेटवाल्या आहात का वैद्यीणबाई, असं काहीतरी ते बोलले. बाईंनी शांतपणे ते सगळं त्यांना परत वाचून दाखवल्यासारखं ऐकवलं आणि शेवटी विचारलं, “बरोबर?” पलीकडं खुर्ची सरकली. मग आवाज आला, “तांबडा हाय. उघडझाप करतोय.” बाईंनी आमच्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू ऐंशी मैलांवरून त्यांनी त्या माणसाचं बोट धरून त्याला मोडेमपर्यंत नेलं होतं.

आता हे सगळं आज मी कौतुकानं लिहितेय. तेव्हा आम्हाला त्यांचा फार जाच वाटायचा. विशेषतः त्यांनी नवीन शब्द पाडायला घेतले तेव्हा. फायबरला ‘तंतू’, दिव्याला ‘दीपखूण’, हळू चालण्याला ‘मंदगती’. ठळक अक्षरात लिहून ते कागद त्यांनी भिंतीला लावले आणि आम्ही तेच बोलायचं असं सांगितलं. नांदेडच्या लाईनमन लोकांतले सगळ्यात जुने खय्यूमभाई एकदा पगाराला वर आले, भिंतीकडं बघत राहिले आणि म्हणाले, “ये क्या करून राहिले बाई? तंतू तुटला म्हनलं तं लोक पतंग काटली समजतील.” बाई म्हणाल्या, सवय होईल. खय्यूमभाई पान चघळत खाली उतरले. सवय कोणालाच झाली नाही. आम्ही त्या खोलीत असल्या की ‘तंतू’ म्हणायचो आणि त्यांनी बुद्धविहारात जायला पौर्णिमेला रजा घेतली की सुटकेचा श्वास सोडून ‘वायर’ म्हणायचो.

शब्दांच्या मागं ही बाई एवढी हात धुऊन का लागली आहे, याची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. डबा खाताना, मी काही विचारलेलं नसताना. ट्रंक कॉलच्या काळात हिमायतनगरहून एक जण नांदेडला आपल्या भावाला फोन करत होता. आवाज तुटक येत होता. तो म्हणाला, “काका गेले.” इकडच्या भावाला वाटलं, काका गावाहून निघाले. तो म्हणाला, बरं झालं, मी स्टेशनवर जातो. तिकडच्याला एवढंच ऐकू आलं की मी जातो. तो म्हणाला, लवकर ये. बाईंच्या कानात दोन्ही टोकं होती. दोघांना दोन निराळ्या गोष्टी कळल्यात, हे फक्त त्यांना कळलं होतं. पण ऑपरेटरनं मधे बोलायचं नसतं. वेळ संपली आणि त्यांनी वायर काढली.

“तो माणूस स्टेशनवर किती गाड्या बघत थांबला असेल,” त्या म्हणाल्या, आणि डब्याचं झाकण लावून टाकलं.

त्यांनी आमच्याकडं एक उन्हाळा काढला, आणि पुढच्या उन्हाळ्यात बालाजीचा अपघात झाला.

बालाजी लातूरचा आमचा लाईनमन. चपळ, हसतमुख, खांबावर चढायला शिडीची वाट न बघणारा. आदल्या दिवशी वादळ झालं होतं आणि सकाळपासून तक्रारींचा पाऊस होता. एका गल्लीतून फोन आला की लाईन बंद आहे. आमच्यातल्या एकीनं बालाजीला कळवलं, “तिकडं लाईन बंद आहे.” तिनं ऐकलं तेच सांगितलं. बालाजी त्या गल्लीत गेला. विजेच्या खांबावरून गेलेली आमची वायर लोंबत होती. तो चढला, आणि त्याचा हात विजेच्या तारेला लागला. तार चालू होती.

तो खाली फेकला गेला म्हणून वाचला, असं डॉक्टर म्हणाले. उजवा हात भाजला होता, मांडीचं हाड मोडलं होतं. दवाखान्याचं सगळं आप्पांनी केलं. त्यात त्यांनी हात आखडता घेतला नाही, हे सांगायला पाहिजे. इकडं खोलीत तो फोन घेणाऱ्या मुलीनं नोकरी सोडायचं ठरवलं होतं. टेस्टर लावायला पाहिजे होता, बालाजीचंच चुकलं, असं दोन-चार जण दबक्या आवाजात म्हणाले. बाईंनी रजेचा अर्ज दिला आणि मला म्हणाल्या, “उद्या औशाला जायचंय. चल.”

बालाजीला तोवर औशाजवळच्या त्याच्या गावी हलवलं होतं. ओसरीत खाटेवर पडला होता, पाय उंच बांधलेला. बाई खाटेशेजारी भुईवरच बसल्या. त्याच्या आईनं खुर्ची आणली, ती तशीच राहिली. बालाजी आधीच म्हणाला, “बाई, चूक माझीच हाय म्हणा. टेस्टर लावला न्हाई.”

“चूक मी विचारली नाही,” बाई म्हणाल्या. “तुला फोनवर काय ऐकू आलं ते सांग.”

“लाईन बंद हाय म्हनल्या मॅडम.”

“आणि तू काय समजलास?”

बालाजीला प्रश्नच कळला नाही. “काय समजायचं? लाईन बंद म्हंजी करंट बंद. म्हनलं बरं झालं, वादळानं समद्या गल्लीची लाईन गेलीया, तवर चढून घ्यावं.” मग आत पाणी भरणाऱ्या आईकडं बघून म्हणाला, “ही बी म्हणतीच की, लाईन आली, मोटार लाव.”

“मग आपल्या वायरला काय म्हणतोस?”

“वायर. नायतर फायबर. तिला लाईन कोण म्हनंल?”

नांदेडच्या आमच्या खोलीत गिऱ्हाइकाचं कनेक्शन बंद पडलं की आम्ही सगळ्याच ‘लाईन बंद’ म्हणत होतो. बाई पण. खात्यातली सगळी वर्षं त्यांच्यासाठी लाईन म्हणजे टेलिफोनचीच लाईन होती. भिंतीवरच्या कागदांत ‘तंतू’ होता, ‘दीपखूण’ होती. ‘लाईन’ हा शब्द तपासावा असं त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

“लाईन म्हणजे करंट. वायर म्हणजे आपली. बरोबर?” त्यांनी विचारलं. या वेळी त्यांना खरंच माहीत नव्हतं म्हणून विचारल्यासारखं.

“बरोबर,” बालाजी म्हणाला.

परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. लातूर मागं गेल्यावर म्हणाल्या, “मी दारं लावून खोलीत बसले आणि शब्द केले. खांबावर चढणाऱ्याला विचारायला गेले नाही.” दुसऱ्या दिवशी आम्ही आलो तेव्हा भिंतीवरचे कागद निघालेले होते. कागद लावलेल्या जागी भिंतीचा रंग थोडा उजळ दिसत होता, एवढंच.

मग त्यांनी आप्पांच्या मागं लागून अहमदपूरला सगळ्यांना बोलावलं. अहमदपूर दोघांनाही मधलं. एक मंगल कार्यालय घेतलं, कारण तेवढी मोठी सतरंजी दुसरीकडं कुठं नव्हती. नांदेड-लातूरचे सगळे लाईनमन आणि आम्ही फोनवरच्या मुली समोरासमोर बसलो. कित्येकांचे आवाज ओळखीचे होते, चेहरे पहिल्यांदा दिसत होते. बाईंनी सामानाचं एक पोतं मधोमध ओतलं: मोडेम, वायरीचे तुकडे, खांबावरच्या पेट्या, क्लिपा. एकेक वस्तू वर धरायच्या आणि विचारायच्या, “ह्याला काय म्हणता?”

वाटलं होतं तासाभरात आटपेल. जेवायची वेळ झाली तरी खांबावरच्या पेटीचंच चालू होतं. नांदेडवाले तिला डबी म्हणत, लातूरवाले पेटी. दोन्ही बाजू इरेला पेटल्या. कोणीतरी म्हणालं हात वर करून मोजू. बाईंनी ते मोडून काढलं. हरलेला माणूस तो शब्द तोंडानं म्हणेल, मनातून म्हणणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी एकच कसोटी ठेवली: जो शब्द दुसऱ्या कशाचं नाव नाही, तो घ्यायचा. तेव्हा खय्यूमभाईंनी आपल्या खिशातून चुन्याची डबी काढून सतरंजीवर ठेवली आणि म्हणाले, “मग तं आम्ही हरलो. ही डबी आधीची हाय.” सगळे हसले, आणि पेटी ठरली. ‘बसलं’ हा शब्द दोन्ही जिल्ह्यांनी सोडला. ‘चालू आहे पण हळू’ असं सरळ म्हणायचं ठरलं. आणि ‘लाईन’ कोणीच, कशालाच म्हणायचं नाही. गिऱ्हाईक म्हणालं, तर विचारायचं: लाईन म्हणजे कोणती? घरातला पंखा फिरतोय का? ते ठरलं तेव्हा कोणी हसलं नाही.

बाईंच्या स्वतःच्या शब्दांतला एकही टिकला नाही. ‘दीपखूण’ त्यांनी एकदा हळूच सुचवून पाहिला. सगळे सतरंजीकडं बघायला लागले. “बरं, दिवा,” त्या म्हणाल्या, पण पुढं दोन दिवस घुश्शातच होत्या.

बालाजी थोडा लंगडत कामावर परत आला. खांबावर चढणं संपलं होतं. आप्पांनी त्याला लातूरच्या दुकानात बसवलं. लाईनमन लोकांच्या फुकटच्या फेऱ्या कमी झाल्या, भांडणं कमी झाली. आप्पा खूश होते. बाईंना ते पाहुण्यांसमोर आमच्या हेडबाई म्हणून दाखवायचे.

बिनसलं ते एका गिऱ्हाइकाच्या फोनवरून. हिमायतनगरकडची एक बाई मुलीला डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी लातूरला खोली घेऊन राहिली होती. शेती दिरावर टाकून आलेली. त्यांनी आमचं अनलिमिटेड कनेक्शन घेतलं होतं. मुलगी दिवसभर ऑनलाईन सराव करायची, आणि महिना सरायच्या आत व्हिडिओ पुढं सरकेना. सराव परीक्षा तोंडावर. फोन बाईंनीच घेतला. त्या आईचा आवाज चढलेला नव्हता. तिनं फक्त विचारलं, “मॅडम, अनलिमिटेड म्हंजी संपत न्हाई ना?”

“तसं म्हणतात,” बाई म्हणाल्या.

“मग आमचं संपलं कसं?”

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “ताई, तो शब्द खरा नाही. ठरावीक वापर झाला की वेग पडतो. हे कनेक्शन देतानाच आम्ही तुम्हाला सांगायला पाहिजे होतं.” आणि तिथल्या तिथं बालाजीला फोन करून त्या मुलीचा वेग वाढवून द्यायला लावला.

आप्पा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. आत आले, पंख्याखाली उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, सगळ्याच कंपन्या अनलिमिटेड म्हणतात.”

“लाईनला पण सगळेच लाईन म्हणत होते,” बाई म्हणाल्या.

हे आप्पांना लागलं. बालाजीच्या उशाशी ते स्वतः बसले होते. ते आवाज न चढवता म्हणाले, की तुम्हाला फोन घ्यायला ठेवलंय, माझं दुकान चालवायला नाही. तो शब्द काढला तर समोरचा दुकानदार गिऱ्हाईक ओढून नेईल, मग तुमचे पगार मी कशातून देऊ. यात खोटं काही नव्हतं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मी तो शब्द बोलणार नाही, मुलींना बोलू देणार नाही. म्हणजे मी जायचं. बरोबर?”

आप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. बाई वाट बघत उभ्या होत्या. आम्ही सगळ्या वाट बघत होतो. ते ‘बरोबर’ म्हणाले नाहीत, ‘नाही’ही म्हणाले नाहीत. बाईंनी पर्स उचलली आणि जिना उतरून गेल्या.

त्या गेल्यावर तो शब्द आम्ही बोलत होतो, पण पुटपुटल्यासारखा. लातूरच्या दुकानात बालाजी तर बोलतच नव्हता. आप्पांनी ते एकदा पाठमोरं उभं राहून ऐकलं. बालाजी एका मास्तरांना सांगत होता की एवढा वापर झाला की वेग पडतो, आधीच सांगून ठेवतो. मास्तरांनी थोडा विचार केला आणि कनेक्शन घेतलं. काही जण निघूनही जायचे, पण घेतलेल्यांचा तक्रारीचा फोन येत नसे. आप्पांनी नवीन पत्रक छापायला टाकलं तेव्हा त्यात अनलिमिटेड नव्हतं. किती वापरापर्यंत किती वेग, आणि नंतर किती, ते साध्या मराठीत लिहिलं होतं.

ते पत्रक छापून आलं त्या दिवशी आप्पा मला म्हणाले, बाईंचं घर माहीत आहे का. बाई अर्धापूरला भावाच्या घरी राहायच्या, केळीच्या बागेला लागून. आप्पांनी स्वतः गाडी काढली.

बाईंनी आम्हाला बसायला सांगितलं, चहाला साखर किती ते दोघांना विचारून दोघांकडून वदवून घेतलं. आप्पांनी पत्रक पुढं केलं. त्यांनी चष्मा लावून ते पहिल्या ओळीपासून वाचलं. आप्पा शाळेतल्या मुलासारखे त्यांच्या तोंडाकडं बघत होते. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, “इथं लिहिलंय, चोवीस तास सेवा. रात्री फोन कोण घेतं?”

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, कोणीच नाही. आप्पांनी खिशातलं पेन काढून ती ओळ खोडली. सगळी पत्रकं छापून झालेली होती, तरी खोडली.

मग त्यांनी बाईंना परत यायचं विचारलं. बाई नको म्हणाल्या. मी आले की मुली पुन्हा माझ्याच तोंडाकडं बघतील, आता त्यांचं त्यांना भांडू दे, असं म्हणाल्या. निघताना केळीचा एक घड गाडीत ठेवायला लावला.

परत येताना आसना नदीचा पूल आला तेव्हा आप्पा म्हणाले, “मी खरं तर त्यांना माफ करा म्हणायला आलो होतो. तेवढंच राहिलं.”

मी म्हणाले, अजून नांदेडात शिरलो नाही, परत जाऊ.

“नको,” आप्पा म्हणाले. “त्या इचारतील, माफ करा म्हणजे मी नेमकं काय करू. मला सांगता येणार न्हाई.”

पूल संपला. आप्पांनी गाडीचा वेग कमी केला, आरशात मागचा रस्ता बघितला आणि गाडी अर्धापूरकडं वळवली.